पोळी केवढी?

लेस्टर,
९ नोव्हेंबर

प्रिय अव्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, तेव्हा आधी शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. मला शुगर निघाली आहे.

इथे इंग्लंडात चाळिशीनंतर सरकारी आरोग्यसेवेकडून तपासणीचं बोलावणं येतं. एकदा मी ते केराच्या टोपलीत टाकलं होतं, या वेळी गेलो. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी, ५१ आलं. आकडा बघून पोटात गोळाच आला. मग कळलं की इथलं माप वेगळं, आपल्या हिशोबानं ते ६.८ टक्के. पण ४८ पासून पुढे मधुमेहच. पुन्हा रक्त घेतलं, तरी तेच.

मी म्हटलं, अहो, वजन ६६ किलो, मी कुठे जाड आहे? नर्सबाईंनी कंबरेला टेप लावला. ९४ सेंटिमीटर. दक्षिण आशियाई पुरुषाची ९० च्या आत हवी. बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाच्या आकड्याची, धोक्याची रेषाही गोऱ्यांना २५ ला आणि आपल्याला २३ ला. हातापायाच्या काड्या आणि पोटाचा नगारा, हे आपल्या आज्यांना टेपाशिवाय दिसायचं.

गंमत म्हणजे हे कोडं उलगडणारे डॉक्टर तुझ्या पुण्याच्या रास्ता पेठेतले, केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इथल्या साउदॅम्प्टनची ३.५ ची, तरी आपल्या बाळांचं मांस कमी आणि चरबी जवळजवळ तेवढीच. म्हणजे कोणी 'तुम्ही लोक तूप फार खाता' म्हणालं की सगळं खापर ताटावर फोडू देऊ नकोस. लंडनच्या साउथॉल भागात ऐंशीच्या दशकात पाहणी झाली, तेव्हा आपल्या लोकांत मधुमेह गोऱ्यांच्या जवळजवळ चौपट निघाला. तूप एकटं एवढं काम करत नाही.

पण ताटही निर्दोष नाही. नर्सबाईंनी चित्रांचा कागद दिला. त्यात पास्ता, उकडलेले बटाटे, ब्राऊन ब्रेड. 'चपात्या किती खाता?' 'तीन.' 'केवढ्या?' आता काय सांगू? आईच्या, बायकोच्या की दुकानातल्या पाकिटातल्या? शेवटी हातानं हवेत गोल काढला. त्यांनी काय लिहून घेतलं देव जाणे.

खरी गोची पोळीची नाहीच रे, आग्रहाची आहे. पुण्यात श्रीखंड पाडव्याला व्हायचं. इथे त्याचा डबा बारा महिने दुकानाच्या फ्रिजमध्ये. शनिवारी एकाकडे जेवण, रविवारी दुसऱ्याकडे, आणि यजमानीण दोन दिवस राबलेली असते. भाषा मुलांच्या तोंडून निसटली, सणांना रजा नाही. उरलं काय, तर ताट. तिथे 'नको' म्हणणं म्हणजे तिच्या घरालाच नको म्हणणं. तुझ्याकडे मी वाटीवर हात ठेवला तर वहिनी हसून पुढे जातील. इथे चेहरे पडतात.

१९७२ साली हुकूमशहा इदी अमीननं आशियाई, म्हणजे बहुतेक गुजराती, लोकांना नव्वद दिवसांत युगांडा सोडायला लावलं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, इकडे येऊ नका म्हणून. तरी लोक आले आणि बेलग्रेव्ह रोडवर मिठाईची दुकानं थाटली. अशांना पेढा मोजून खा म्हणून कोण सांगणार? आमच्या शेजारच्या काकी त्यांच्यातल्याच. वर्षानुवर्षं होजिअरी कारखान्यात रात्रपाळी, पहाटे येऊन जेवण. त्या इन्शुलिन घेतात, पण लग्नकार्यात बाथरूममध्ये दार लावून. मुलीच्या सासरी कळलं तर 'घराण्यात आहे' म्हणतील. मला हे ऐकून रागच आला होता. फिरायला जा म्हटलं तर म्हणाल्या, 'घरचं काम टाकून एकटी भटकू? लोक विचारतील काय झालं म्हणून.' डिसेंबरात इथे चारला अंधार पडतो, ते वेगळंच.

आणि उपवास! संकष्टीला मी अगदी निष्ठेनं साबुदाण्याची खिचडी खातो, वर बटाट्याचा कीस. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण मशीनवर खरी झालेली पाहिली. सकाळी इथल्या मापात ६.४ असलेली साखर दोन तासांनी १३.८, म्हणजे आपल्या हिशोबानं ११५ वरून २४८. समोरच्या घरातले चाचा रमझानच्या आधी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन गोळ्यांच्या वेळा बदलून घेतात. चतुर्थीसाठी डॉक्टरला विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

गोळ्या चालू आहेत. इंग्लंडात मधुमेहाच्या गोळ्या लागल्या की प्रिस्क्रिप्शनचं शुल्क माफ, तेवढीच चैन. ऑफिसातल्या एकानं जांभळाच्या बियांची पूड सुरू करून गोळ्या सोडल्या, कारण 'इंग्रजी औषध गरम पडतं'. तीन महिन्यांनी आकडा आभाळाला टेकला. मी पूड घेतली त्याच्याकडून, नाही म्हणता आलं नाही. कपाटात आहे.

जानेवारीत येतोय. वहिनींना सांग, पहिल्या पुरणपोळीला मी नाही म्हणणार नाही, दुसरी फक्त वाढू नका. आणि माझी आई समोर असेल तर यातलं काही बोलू नका. तिला अजून सांगितलेलं नाही.

तुझा,
बाळ्या