शब्बूस पत्र

चिपळूण

प्रिय शब्बू,

सलाम आणि दुआ. जुनैदने पाठवलेलं तुझं प्रचारपत्रक पाहिलं. वॉर्डाचं नाव, तुझा फोटो, खाली ‘अपक्ष’. आईने फोटो मोठा करकरून पाहिला आणि एवढंच म्हणाली, “वाळलीय.” गाझावरून तू पक्ष सोडलास हेही आम्हाला जावयाकडून कळायचं का? असो. या विषयावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण विचारतोच. मुलांच्या व्हिसाचं काय?

तू म्हणशील, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, आणि भारताच्या व्हिसाचा काय संबंध? कचरा, घरं, शाळेपुढच्या गाड्या हे तुझे मुद्दे. मान्य. पण सभेत कोणीतरी उठून काश्मीरचं विचारणारच. पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये मंगला धरणात ज्यांची गावं बुडाली त्या मीरपूरवाल्यांची लेकरं-नातवंडं हेच तुझे मतदार, त्यांना तो प्रश्न घरचाच. तू काय बोलशील, आणि ते कोणी मोबाइलवर टिपून घेतलं तर? मुलांना ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयांचं ते कायमचं कार्ड, मिळत नाही, कारण तुझे सासरे करीमचाचा १९४८ला खेडहून कराचीला गेले आणि तिकडचेच नागरिक झाले. माझ्याशी फोनवर कोकणीत भांडणारी, सांदणं मागणारी पोरं तिथल्या जनगणनेत ‘पाकिस्तानी’ या चौकोनात जातात. दर वेळी त्यांचा अर्ज वेगळा आणि आम्ही इथे महिनोन्‌महिने वाट बघत बसलेले.

झालं, मास्तर सुरू झाले. माफ कर.

खरं तर तुझं नवल वाटत नाही. मोहल्ल्याच्या नळाला पाणी येईना तेव्हा तू सातवीत होतीस. अर्ज तूच लिहिलास, दुपारी घरोघर फिरून बायकांच्या सह्या-अंगठे घेतलेस. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. सलीमाखालाने अंगठा द्यायच्या आधी तो अर्ज तुझ्याकडून दोनदा वाचून घेतला होता, आठवतं? पाणी आलं की नाही ते मला आता आठवत नाही.

करीमचाचा मागे इथे आले होते तेव्हा रात्री ओटीवर बसून बोलले. लोकरीच्या गिरणीत रात्रपाळी करायचे तेव्हाही त्यांना मताचा हक्क होता, कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून. पण मत कोणाला, ते बिरादरीतले बुजुर्ग ठरवणार आणि घरंच्या घरं त्या बाजूला जाणार. हे कोकणी, ना जाट ना राजपूत, त्यामुळे त्या बैठकीचं बोलावणं यांना कधीच नसायचं. मत मात्र मागायला यायचे! तरी १९८५ला मीरपूरचे मोहम्मद अजीब शहराचे लॉर्ड मेयर झाले तेव्हा मिठाई वाटणाऱ्यांत हेही होते.

पुढचं मी स्वतः वाचून वहीत उतरवलंय. ब्रॅडफर्ड वेस्टच्या २०१२च्या संसदीय पोटनिवडणुकीत पोरांनी आणि बायकांनी बुजुर्गांना न जुमानता मतं टाकली आणि लेबर पक्षाला हरवून रिस्पेक्ट पक्षाचे जॉर्ज गॅलोवे १०,१४० मतांनी आले. २०२४ला त्याच ब्रॅडफर्ड वेस्टमध्ये लेबरच्या खासदार नाझ शाह अपक्षापुढे जेमतेम ७०७ मतांनी वाचल्या. म्हणजे तू येऊ शकतेस. पडणार असतीस तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

काश्मीरवर गप्प बस असं मी सांगत नाही. पण शब्द तोलून बोल. तुला जे वाटतं तेच बोल, पण लिहून ने. नाहीतर जुनैदला बोलू दे... नको, ते बरं दिसणार नाही, उमेदवार तू आहेस.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरात आहे. मुलांचे अर्ज आत्ताच भरा, निकालासाठी थांबू नका. मी सोमवारी खेडला जाऊन करीमचाचांच्या शाळेचा दाखला निघतो का बघतो. त्यांचा जन्म इथला आहे, तेवढं तरी अर्जाला जोडता येईल. उपयोग होईलच असं नाही. कागदांची यादी जुनैदला पाठवायला सांग, आणि ती नीट टाइप केलेली हवी, त्याचं अक्षर मला लागत नाही.

तुझा,
अब्बा