बाबांचं पथ्य आणि तुझा एक्स-रे

नौपाडा, ठाणे

चि. सुशांत,
अनेक आशीर्वाद.

शुगर वाढली म्हणून काल फोनवर बाबांवर उखडलास, तेव्हापासून ते घुम्यासारखे बसलेत. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

शुगर त्यांच्या हलगर्जीपणाने वाढलेली नाही. अंगात टीबीसारखा आजार असला की साखर तशीही चढते. त्यात टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर मोडतं. बाबांची ग्लिमेपिराइड त्यातलीच. म्हणून डॉक्टरांनी तूर्त इन्सुलिन सुरू केलंय. मुळात मधुमेह्याला टीबीचा धोका दोन-तीन पट जास्त, आणि साखर आटोक्यात नसली तर टीबीही लवकर हटत नाही. एकाला सोडून दुसऱ्याकडे बघून चालायचं नाही.

वजन उतरत होतं तेव्हा तलावपाळीवरची मंडळी पाठ थोपटत होती, ‘चालणं मानवलं हो!’ हे तर पट्ट्याला नवं भोक पाडून घेऊन मिरवत होते. खोकल्याचं खापर मेट्रोच्या धुळीवर. संध्याकाळी कणकण यायला लागली, तेव्हा कुठे थुंकी तपासायला दिली.

तू पाठवलेला डाएट चार्ट मी कपाटात ठेवलाय. भात बंद, फळं बंद, रात्री नुसतं सूप! अरे, टीबीच्या माणसाला उपाशी ठेवून कसं चालेल? सकाळी दोन अंडी, दुपारी ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, ताक, रात्री मूठभर भात आणि घट्ट वरण. साखर-गूळ नाही. शेजारच्या काकूंनी ‘शक्ती येईल’ म्हणून खारीक-खोबऱ्याचे लाडू दिले, ते मी संपवतेय. टीबीच्या रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. बाबा म्हणाले, ‘मला कशाला?’ म्हटलं, अंड्यांना होतील.

आणि ती बी-६ ची गोळी ‘नुसतं व्हिटॅमिन’ म्हणून बंद करायला सांगू नकोस. टीबीच्या गोळ्यांतल्या आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येऊ शकतात, आणि बाबांच्या तळपायांना मधुमेहाने त्या आधीच आहेत. लघवी केशरी होते तीही टीबीच्या गोळ्यांमुळेच. पहिल्या दिवशी रक्त समजून त्यांनी बाथरूममधून अशी हाक मारली की खालचे वॉचमन वर आले!

कोर्स सहा महिन्यांचा आहे: दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन. बरं वाटलं की ते टाळाटाळ करणार, पण ते माझ्यावर सोड. ताटवाटी वेगळी काढली होती त्यांनी, ती मी परत मांडणीत लावली. भांड्यांतून हा आजार पसरत नाही, हवेतून पसरतो. म्हणून खिडक्या उघड्या ठेवतेय, मग डास आले तरी चालतील.

आता तुझं. गणपतीत तू त्यांच्याच खोलीत झोपत होतास. एक्स-रे काढ, आणि त्याच फेरीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घे. पोट सुटलंय तुझं. छोटीलाही डॉक्टरांना दाखव. पाच वर्षांखालच्या मुलांना, आजार नाही याची खात्री करून, प्रतिबंधक औषध देतात.

सासरी कळवू नकोस म्हणालास, पण मी विहीणबाईंना सांगितलंय. त्यांनाही शुगर आहे आणि गौरींना त्या इथेच मुक्कामाला होत्या. रागावल्या-बिगावल्या नाहीत, ‘एक्स-रे कधी काढू?’ एवढंच विचारलं. रविवारी फोन करशील तेव्हा बाबांशी आधी क्रिकेटचं बोल. शुगरचे आकडे मी सांगेन.

तुझी,
आई