मुनाबावचं गेट निदान लग्नाला आणि मयताला तरी उघडा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

भारत-पाकिस्तान रेल्वेचा विषय निघाला की सगळीकडे अटारी आणि समझौता एक्सप्रेस एवढंच येतं, तुमच्या पेपरातही तेच. मुनाबावचं नाव आलंच तर लढाईच्या बातमीत, मे २०२५ मध्ये बाडमेर-मुनाबाव गाड्या रद्द झाल्या तेव्हा दोन ओळी आल्या, संपलं. पण आपल्या ठाणे जिल्ह्याला अटारीपेक्षा मुनाबाव जवळचं वाटायला पाहिजे, कारण त्या रुळांच्या पलीकडे सिंध आहे आणि तिथून आलेल्या माणसांनी कल्याण कॅम्पचं उल्हासनगर केलं, आमच्या कोपरीतही कितीतरी घरं त्यांचीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुनाबाव म्हणजे राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यातलं आपल्या बाजूचं शेवटचं स्टेशन. मी बाडमेरला तेलाच्या कामावर कॉन्ट्रॅक्टवर होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी त्या पॅसेंजरने गेलोय. रामसर, गागरिया, गडरा रोड, लीलमा अशी स्टेशनं येतात, मध्ये नुसती वाळू आणि खेजडीची झाडं, गाडी जसजशी पुढे जाते तसतसा डबा रिकामा होत जातो आणि ओळखपत्र विचारणारे वाढतात. शेवटी एक बऱ्यापैकी मोठं स्टेशन येतं, इमिग्रेशन-कस्टमच्या सोयीसकट बांधलेलं, आणि भोवती गाव म्हणाल तर अगदी छोटं. पलीकडचं खोखरापार तिथून काही किलोमीटरवर.

गडरा रोडचं तर सगळ्यांनी ऐकावं असं आहे. फाळणीत गडरा शहर पाकिस्तानात गेलं आणि त्याचं स्टेशन भारतात राहिलं. तिकडचे व्यापारी, हलवाई इकडे स्टेशनपाशी आले आणि तिथे नवं गाव झालं, आजही बाडमेरमध्ये गडराचे लाडू नाव काढून मागतात. १९६५ च्या लढाईत ह्याच भागात रेल्वेची माणसं, म्हणजे साधे ड्रायव्हर, फायरमन, लाईनवरचे गँगमन, बॉम्ब पडत असताना सैन्याला सामान पोचवत होते, रूळ जोडत होते, त्यातले कितीतरी तिथेच गेले. दरवर्षी ९ सप्टेंबरला त्यांच्या स्मारकावर रेल्वेवाले जमतात. आपण ठाणेकर १८५३ ची पहिली गाडी इथे आली म्हणून अभिमानाने सांगतो ना, मग रेल्वेच्या ह्या माणसांचं नावही आपल्या मुलांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक सिंधी दादी होत्या, मीरपूरखासच्या. त्या ह्याच लाईनने लहानपणी आल्या, आधी मारवाडमध्ये काही महिने आणि मग कल्याण कॅम्पात मिलिटरीच्या बराकीत. कराचीहून बोटीने मुंबईला आलेल्यांच्या गोष्टी आपण खूप ऐकतो, वाळवंटातून रेल्वेने आलेल्यांच्या फार कमी. फाळणीनंतरही त्या लाईनवर ये-जा होत होती, १९६५ ला बंद झाली आणि मग चाळीस वर्षं काहीच नाही. दादींची सख्खी मावशी तिकडेच राहिली होती, तिचं काय झालं ते त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

मग १८ फेब्रुवारी २००६ ला थार एक्सप्रेस सुरू झाली, आठवड्यातून एकदा, इकडे जोधपूरचं भगत की कोठी आणि तिकडे कराची. तपासणी मुनाबावला व्हायची, पण मधे कुठे चढता-उतरता येत नव्हतं, त्यामुळे बाडमेरच्याच काय, खुद्द मुनाबावच्या माणसालाही समोरून जाणारी गाडी पकडायला आधी तीनशे किलोमीटर उलटं जोधपूरला जावं लागायचं. बाडमेरला थांबा द्या ही मागणी तिकडची माणसं वर्षानुवर्षं करत होती. तरीसुद्धा गाडी भरून जायची. ऑगस्ट २०१९ मध्ये कलम ३७० नंतर ती बंद झाली ती आजपर्यंत.

कोणी म्हणेल जाऊ दे ना, दुश्मन देशाशी कशाला गाडी. मी हे हलक्यात घेत नाही. पहलगामला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, त्यात आपले डोंबिवलीचे लोक गेले, आणि सुरक्षेचा निर्णय सरकारनेच घ्यायचा, उद्या सकाळी थार एक्सप्रेस सोडा असं मी म्हणतच नाहीये. माझा मुद्दा त्याच्यापेक्षा खूप छोटा आहे, तो नीट वाचा एवढीच विनंती.

पलीकडे उमरकोट, थरपारकर ह्या भागात हिंदूंची मोठी वस्ती आहे. त्यात सोढा राजपूत आहेत, ते सगळे एकाच कुळातले मानले जातात म्हणून त्यांना आपसात लग्न करता येत नाही, मुली द्यायच्या आणि सुना आणायच्या त्या बाडमेर, जैसलमेर, जोधपूरकडूनच, राठोड-भाटी घराण्यांतून. बोलीसुद्धा एकच, धाटकी. म्हणजे सीमा नंतर आली, सोयरीक आधीची. थार एक्सप्रेस बंद झाल्यावर ह्या लोकांचं काय झालं ते बघा. २०१९ मध्ये बाडमेर-जैसलमेरच्या मुलांनी तिकडे जाऊन लग्नं केली, नवऱ्या मुलींना व्हिसा मिळेना, त्यातल्या काही जणी मार्च २०२१ मध्ये सासरी पोचल्या, त्याही वाघा-अटारी मार्गे. आणि एप्रिल २०२५ मध्ये बाडमेर जिल्ह्यातला एक नवरदेव हातात व्हिसा घेऊन अटारीच्या गेटवर उभा राहिला, ३० एप्रिलला उमरकोटला लग्न, आणि पहलगामनंतर गेट बंद झालेलं, त्याला परत यावं लागलं. त्या मुलाचा ह्यात काय दोष?

बरं, अटारीचं गेट उघडं असतानाही तिकडून जायचं म्हणजे काय ते नकाशात बघा. बाडमेरहून आधी वर पंजाबात जायचं, मग पलीकडून लाहोरहून तेवढंच आणि त्याहून जास्त खाली सिंधमध्ये उतरायचं, दीड हजार किलोमीटरच्या वर प्रवास, आणि जायचंय कुठे तर गावाच्या समोरच्या गावात. व्हिसासाठी तिकडच्या माणसाला इस्लामाबाद गाठावं लागायचं कारण कराचीतलं आपलं कॉन्सुलेट १९९४ पासून बंद आहे.

मुनाबावचं गेट उघडताच येत नाही असं पण नाही. २००६ मध्ये माजी परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह बलुचिस्तानातल्या हिंगलाज मातेच्या दर्शनाला भक्तांना घेऊन ह्याच बाजूने रस्त्याने गेले होते. जुलै २०१८ मध्ये बाडमेरची एक वयस्कर बाई नातेवाईकांना भेटायला तिकडे गेली आणि तिकडेच वारली, तेव्हा दोन्ही सरकारांनी बोलून मुनाबावचं गेट खास उघडलं आणि तिचा देह तिच्या गावाला आला. ती मुसलमान होती, हे मुद्दाम लिहितोय, कारण हा प्रश्न एका धर्माचा नाहीये. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. मग प्रत्येक वेळी मंत्र्यांना ट्विट करा, खासदारांचे पाय धरा, आठवडाभर बर्फावर ठेवा, हे कशाला? लग्न, मयत आणि गंभीर आजार, ह्या तीन कारणांसाठी मुनाबावहून पायी जाण्यायेण्याचा एक कायमचा नियम दोन्ही बाजूंनी लिहून ठेवावा. महिन्यातला एक दिवस ठरवा, कडक तपासणी करा, नावं दोन महिने आधी मागवा, मयताला तेवढी सूट द्या. तपासणीची इमारत तर बांधलेलीच आहे.

आता दोन्ही देशांत बोलणंच बंद आहे हे मला कळतं. पण बोलणं कधीतरी सुरू होईल तेव्हा पहिल्या यादीत व्यापार आणि क्रिकेट असणार, त्या यादीत हे एक वाक्य पण असावं आणि ते घालायला लावायचं तर आत्तापासून मागावं लागेल. उल्हासनगर, कोपरी, मुलुंडच्या सिंधी पंचायतींनी ही मागणी लेखी करावी, त्यांच्या शब्दाला वजन आहे. मी माझ्यापरीने आमच्या खासदारांना पत्र टाकलंय. आणि तुमच्या पेपरने एक बातमीदार जरूर बाडमेरला पाठवावा, बांद्रा टर्मिनसवरून थेट गाडी आहे, पुढे मुनाबावची लोकल गाडी चालू आहे का ते निघायच्या आधी बघून घ्यायला सांगा.

आपला,
एक नियमित वाचक
कोपरी, ठाणे पूर्व