आई, तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत जातायत

आई, बाबा,

फोनवर आईच्या डाएटचा विषय काढला की आई "बरं बरं, तू जेवलीस का" म्हणते आणि बाबा तुम्ही "नेटवर्क नाही" म्हणून फोन ठेवता, म्हणून लिहूनच काढतेय. लांबेल बहुतेक. चहा घेऊन बसा, आणि आई तू चहात साखर नाही तरी दूध घाल की जरा.

सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला आले तेव्हाच बोलायचं होतं. पण घर भरलेलं, आत्या, मामी सगळ्याजणी "काय बारीक झालात वहिनी, ओळखू येईना" म्हणत होत्या आणि तुझा चेहरा असला फुललेला की माझं तोंडच उघडलं नाही. रात्री तू फळीवर डबे लावत होतीस, हात वर केलास आणि बांगड्या घसरत पार कोपरापाशी गेल्या. तेही एक वेळ ठीक. पण नंतर तू खुर्चीतून उठलीस ती दोन्ही हात टेकून, "आई गं" करत. दिवाळीत तू एका हातावर उठत होतीस, मी बघितलंय. म्हणजे बघ, गुडघ्यासाठी म्हणून वजन उतरवायला घेतलं, 84 चं 73 झालं, आणि उठणं सोपं व्हायचं सोडून अवघडच झालं. तिथंच माझ्या पोटात गोळा आला.

मी गुपचूप हिशोब केला तुझ्या खाण्याचा, रागावू नको. सकाळी पाण्यातला शेक, अकराला सफरचंद, दुपारी एक फुलका आणि बिनतेलाची भाजी, पातळ ताक, रात्री परत शेक नाहीतर दुधीचं सूप. दिवसभराच्या कॅलरी जेमतेम 550 ते 600 होतात. 800 च्या खाली गेलं की डॉक्टर लोक त्याला फार कमी कॅलरीचं डाएट म्हणतात आणि ते त्यांच्या देखरेखीशिवाय करायचं नसतं. तुझ्यावर देखरेख कोणाची, तर ते शेकच्या पावडरीचे डबे विकणाऱ्या ताईंची, ज्या दर सोमवारी वजनकाटा घेऊन येतात आणि ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी टाकतात. बाई वाईट नाही, कबूल. पण तुझ्या बीपीच्या गोळीत काय आहे हे तिनं एकदा तरी विचारलं का?

आमच्या इथे हैदराबादला, तारनाक्याला, राष्ट्रीय पोषण संस्था आहे ना, ज्या रस्त्यानं आपण बाबांना विद्यापीठ दाखवायला गेलो होतो, त्यांनी 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. त्यात चक्क लिहिलंय की वजन उतरवायचं तर आठवड्याला साधारण अर्धा किलो, आणि जेवण दिवसाला 1000 कॅलरीच्या खाली न्यायचं नाही. तू त्याच्या निम्म्याच्या आसपास आहेस, आणि नऊ आठवड्यांत 11 किलो.

पहिल्या आठवड्यात चार किलो गेले म्हणून तू पेढे वाटायची बाकी होतीस, त्यातलं बरंचसं पाणी होतं गं. शरीर साखरेचा साठा ठेवतं तो पाण्यासकट ठेवतं, एका ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी, तो साठा संपला की पाणीही जातं आणि काटा खाली. पुढे चरबी जाते, खरंय, पण त्याच्याबरोबर स्नायूही जातात. तरुणपणी गेलेला स्नायू परत भरून येतो, एकसष्टाव्या वर्षी तो सहज येत नाही. आणि गुडघा सांभाळतो कोण, तर मांडीचा पुढचा स्नायू. म्हणजे आपण गुडघ्यावरचं ओझं कमी करायला गेलो आणि ओझं उचलणारा गडीच उपाशी मारला. पुन्हा जेवायला लागलीस की वजन येणार, ते बहुतेक चरबी म्हणून येणार, स्नायू काही येत नाही त्या हिशोबानं.

आता जे सांगायचंय ते अकरा वर्षं सांगितलं नाही.

माझ्या लग्नाआधी मी बारीक झाले होते आठवतंय? तू सगळ्यांना कौतुकानं सांगतेस अजून, "मनूनं अडीच महिन्यात पंधरा किलो उतरवले, मनावर घेतलं की करते पोरगी." आणि या वेळी फोनवर पण मला म्हणालीस, तू केलंस ते चाललं, मी केलं की नको. तर ऐक. मी तेव्हा आधी ते जीएम डाएट केलं, एक दिवस नुसती फळं, एक दिवस नुसत्या भाज्या, एक दिवस केळी नि दूध (त्या गाडीच्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध असल्याचा पुरावा कुणाला सापडलेला नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं), आणि मग तेही पुरेना म्हणून दिवसाला काकडी, दोन अंडी आणि ब्लॅक कॉफी. तू डबा द्यायचीस तो मी ऑफिसात वाटून टाकायचे. शेंगा चटणी, दशम्या, सगळं. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात यायला लागले आणि तू म्हणालीस हैदराबादचं पाणी जड आहे. मी हो म्हटलं.

आणि वर्षभरानं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तुम्हाला सांगितलं की इथली बिर्याणी बाधली. खोटं होतं. सोनोग्राफी बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, "मध्यंतरी वजन एकदम उतरवलं होतं का?" मला वाटलं यांना कसं कळलं. त्यांनी कागदावर काढून दाखवलं, पित्ताची ती पिशवी असते ना, ती जेवणात स्निग्ध आलं की आकसते आणि पित्त बाहेर सोडते. आपण तेलतूप बंदच केलं की तिला आकसायचं कारणच उरत नाही, पित्त आत तुंबून राहतं, आणि इकडे चरबी भराभर वितळते म्हणून लिव्हर जास्तीचं कोलेस्टेरॉल त्याच पित्तात ढकलतं. झाले खडे. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन जायला लागलं की हा धोका चांगलाच वाढतो, आणि बायकांना मुळात जास्त. तू त्या दवाखान्यात सात रात्री खुर्चीवर झोपलीस आणि बिर्याणीला शिव्या घातल्यास. मला लाज वाटत होती म्हणून गप्प बसले. तुझ्यासमोर माझे ते बारीक झालेले लग्नातले फोटो नाचत राहिले, आणि आज तू माझंच उदाहरण मला देतेस. म्हणजे यात माझाही हात आहेच.

तू म्हणतेस आता भूकच लागत नाही, शरीराला सवय झाली. सवय नाही झाली आई. इतकं कमी खाल्लं की शरीर चरबी जाळून जे पदार्थ बनवतं त्यानं भूक मंदावते. मन मात्र खाण्यातच असतं. तू दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ बघतेस, मला काल रात्री बारा वाजता हुलग्याच्या माडग्याचा पाठवलास! यावरून एक आठवलं, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटाला 36 तरुण, धडधाकट माणसांना सहा महिने अर्धपोटी ठेवून प्रयोग केला होता, युद्धात उपासमार झालेल्यांना परत कसं खाऊ घालायचं ते कळावं म्हणून. ते गडी थंडीनं कुडकुडायचे, चिडचिड करायचे, उदास बसायचे आणि जेवणाशिवाय दुसरं काही सुचेना, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. त्यांना किती कॅलरी देत होते माहितीये? दीड हजाराच्या वर! तुझ्या अडीचपट. आणि तू फेब्रुवारीत सोलापुरात स्वेटर घालून बसतेस, जिथं लोकांनी पंखे सुरू केलेत.

गड्ड्यातल्या काठ्यांच्या मिरवणुकीत तुला चक्कर आली ती उन्हानं नाही असं मला आता वाटायला लागलंय. तुझ्या बीपीच्या गोळीत लघवीवाटे पाणी आणि मीठ काढणारं औषध मिसळलेलं आहे. वजन उतरलं, मीठ कमी, खाणं कमी आणि गोळी मात्र 84 किलोच्या बाईचीच. मग उभं राहिलं की बीपी खाली येतं, सोडियम पोटॅशियम खाली जातं, आणि पोटॅशियमचा खेळ थेट हृदयाच्या ठोक्यांशी असतो. घाबरवत नाहीये. पण 1970 च्या दशकात अमेरिकेत वजन उतरवायला नुसत्या पातळ प्रोटीनवर राहायची फॅशन आली होती, जनावरांच्या कातड्या-बिड्यांपासून काढलेलं ते हलकं प्रोटीन, त्यात 50 हून जास्त लोक गेले, बरेच जण हृदयाचे ठोके बिघडून. आताच्या पावडरी तशा नसतात, पण काय किती पोटात जातंय ते बघणारं कुणीतरी हवं, एवढंच.

आणि बाबा, तुम्ही. तुम्ही तर भारीच आहात. बायकोला सोबत म्हणून रात्रीचं जेवण सोडलंत आणि कुणाला बोलला नाहीत. पहाटे चारला घामानं बनियन भिजलं, हातपाय थरथरले, मशीनवर शुगर 54 आली, आणि तुम्ही आईला न उठवता डब्यातला गूळ खाल्लात. हे मला दादाकडून कळावं? तुमची ती मधुमेहाची, ग्लिमेपिराइडची गोळी आहे ना, तिला तुम्ही जेवलात की नाही हे कळत नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. जेवण नाही आलं तर शुगर खड्ड्यात. म्हणून गोळी घेऊन उपास हा प्रकार बंद, आजपासून. आणि गोळीही मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना फोन करून "मी असं असं केलं" हे आधी सांगायचं, ओरडतील तर ओरडू देत.

तुम्ही ती बातमी पाठवली होतीत, ब्रिटनमध्ये साधारण 800 कॅलरी खाऊन मधुमेह गेला म्हणून. खरी आहे ती, 2017 चा अभ्यास आहे, वर्षभरानं जवळजवळ निम्म्या लोकांची शुगर गोळ्यांशिवाय ताब्यात आली होती. पण बातमीत बारीक अक्षरात होतं ते वाचलंत का? ती माणसं 65 वर्षांपर्यंतची होती, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतली, इन्सुलिनवर नसलेली, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या होत्या, पुढे नर्स नाहीतर आहारतज्ज्ञ नियमित तपासत होते. तुम्ही 68 चे, तुमचा मधुमेह एकोणीस वर्षांचा, म्हणजे माझ्या दहावीच्या निकालाच्या वर्षीचा, आणि देखरेखीला कोण, तर गुळाचा डबा.

वजन उतरवू नका असं नाही म्हणत मी. एक किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं हलका होतो, असा अभ्यास आहे, म्हणजे आई तू आतापर्यंत जे केलंस ते फुकट नाही गेलं, अजून घाईची गरजच नाही मुळी. हाडांचे डॉक्टरही म्हणाले होते ना, ऑपरेशन करायचं तर जखम भरायला अंगात प्रोटीन पाहिजे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान एक ग्रॅम तरी दिवसाला. ते काय डब्यातूनच यायला पाहिजे असं नाही, मटकी आहे, डाळ आहे, घट्ट दही आहे, पनीर आहे, एक अर्धी ज्वारीची भाकरी आहे. शेंगा चटणी चमचाभर खा, ताटभर नको, ती तू करतेस तशी केली की कोण चमच्यावर थांबतं हा प्रश्न आहेच. पण इतके आठवडे अर्धपोटी राहिल्यावर उद्यापासून एकदम भरपेट सुरू करू नकोस, त्यानंही रक्तातले क्षार गडबडतात, हळूहळू वाढवायचं. आणि त्याआधी रक्त तपासून घ्यायचं, सोडियम, पोटॅशियम, किडनी, युरिक अ‍ॅसिड, मी यादी दादाला पाठवलीय. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर दुखलं तर "गॅस असेल" म्हणून ओवा चावत बसू नकोस, लगेच सांग. तो "गॅस" मी वर्षभर अंगावर काढला होता.

त्या ताईंना वाईट वाटेल म्हणून तू उरलेले दोन डबे संपवणार, मला माहितीये तू कशी आहेस. पैसे गेले तर जाऊ दे. मी बोलते त्यांच्याशी, भांडत नाही, वचन.

शुक्रवारच्या गाडीनं येतेय. शनिवारी सकाळी डॉक्टरांची वेळ घेतलीय, दोघांची, त्यामुळे "बाबांना घेऊन जा, मी घर बघते" चालणार नाही. बाबा, मशीनच्या पट्ट्या संपल्यात म्हणालात त्या आणतेय, तोवर उशाशी साखरेची डबी आणि पाण्याचा तांब्या ठेवा, परत तसं झालं तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, आणि आईला उठवायचं. उठवायचंच.

आई, कडक भाकरी करून ठेव. त्या वेळच्या डब्यांची उधारी आहे माझ्याकडे, तुझ्यासमोर बसून खाते. अर्धी तुला.

तुमची,
मनू