नर्मदाकाठच्या अनामिकांचे आभार

ओंकारेश्वरहून उचललेली नर्मदा परिक्रमा, मैयाला उजव्या हाताला ठेवून, माझ्या साडेचार किलोच्या ठमी कुत्रीसह पूर्ण झाली ती वाटेवरच्या ज्या माणसांमुळे, त्यांची नावे विचारायचेही माझ्याकडून राहून गेले. शूलपाणीच्या झाडीत तिच्या पंजात रुतलेला बाभळीचा काटा चिमणीच्या उजेडात सुईने काढून वर हळद-तेल लावणाऱ्या आजी, सदावर्ताच्या, म्हणजे परिक्रमा करणाऱ्यांना मोफत मिळणाऱ्या, शिध्याबरोबर तिच्यासाठी न मागता वाटीभर दूध ठेवणारे आश्रमातले बाबा, आणि नर्मदा समुद्राला मिळते तिथे विमलेश्वरहून पलीकडच्या मिठी तलाईकडे जाताना भरल्या नावेत तिला स्वतःच्या पंच्यात गुंडाळून मांडीवर घेणारे परिक्रमावासी काका (ती त्यांच्यावर ओकली, तरीही!) या सर्वांची मी मनःपूर्वक ऋणी आहे. काका, तो पंचा धुऊन ठेवला आहे. नर्मदे हर!