आई-बाबा, मी तिकडे येत नाहीये, तुम्हीच इकडे या

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हा विषय काढला की आई "बरं बरं, तब्येत सांभाळ" म्हणून फोन बाबांकडे देते आणि बाबा "बघू गं, अजून वेळ आहे" म्हणून परत आईकडे, त्यामुळे लिहूनच पाठवतेय. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा. आईने मधेच काही विचारलं तरी थांबू नका, सगळं पुढे लिहिलंय.

तर मी बाळंतपणासाठी तिकडे येत नाहीये. ठरलंय आमचं. डॉक्टरांशी बोलून ठरलंय, तुमच्या जावयांनी एकट्याने ठरवलेलं नाही त्यामुळे त्यांच्यावर राग धरू नका, ते बिचारे अजूनही म्हणतायत की आईंना वाईट वाटेल, परत एकदा विचार कर. मागची खोली रंगवून झाली, पलंग खिडकीपाशी सरकवला, सगळं दादाकडून कळलंय मला. (पलंग कोणी सरकवला बाबा? मणक्याचं विसरलात का?) ते ऐकून मला बराच वेळ काही सुचलंच नाही. खोली वाया जाणार नाहीये, बाळाला घेऊन मी येणारच आहे त्या खोलीत, फक्त आधी नाही.

कारण नीट सांगते, नाहीतर तुम्ही दोघं रात्रभर नको नको ते विचार करत बसाल. बाळ मस्त आहे. वाढ बरोबर आहे, पाणी बरोबर आहे, लाथा तर विचारूच नका. दुखतंय ते मला, आणि तेही पोटात नाही, हाडांच्या सांध्यात. ओटीपोटाच्या खाली अगदी समोर जे हाड हाताला लागतं तिथे, आणि मागे कमरेच्या खाली उजव्या बाजूला, कधी कधी जांघेतून मांडीत उतरतं. चालताना, जिना चढताना, एका पायावर भार आला की, आणि सगळ्यात जास्त रात्री कूस बदलताना. याला पेल्विक गर्डल पेन (थोडक्यात पीजीपी) म्हणतात, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याचं दुखणं. साधारण ५ गरोदर बायकांपैकी एकीला होतं, म्हणजे मी काही जगावेगळी नाही. आणि बाळाला याने काहीही अपाय होत नाही. हे वाक्य बाबा दोनदा वाचा.

डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने एक्स-रे वगैरे काही काढला नाही, नुसतं उताणं झोपवलं आणि म्हणाली, उजवा पाय सरळ ठेवून वीतभर वर उचला. उचलेचना! पाय जणू माझा नव्हेच, नुसती कंबर वाकडी होत होती आणि समोर कळ. मग तिने दोन्ही हातांनी माझी कंबर दोन्ही बाजूंनी घट्ट आवळून धरली आणि म्हणाली आता उचला, तर तोच पाय अलगद वर. मी बघतच राहिले. म्हणजे पायातली ताकद कुठे गेलीच नव्हती, ज्या सांध्यांच्या जिवावर तो उचलला जातो ते धरून ठेवणारं काहीतरी कमी पडत होतं.

कमरेच्या हाडांच्या कड्याला तीन सांधे असतात, समोर एक आणि मागे दोन. समोरच्या सांध्यात एरवीही ४-५ मिलिमीटरची फट असते, गरोदरपणात ती अजून २-३ मिलिमीटरने वाढते कारण लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, सैल होतात, बाळाला वाट हवी ना. पण सैल तर सगळ्यांचीच होतात, मग दुखतं काहीजणींनाच का, तर ती म्हणाली तिन्ही सांधे सारखे हलले नाहीत, एक जरा अडकून बसला की बाकीच्यांवर ताण येतो. बाबा तुम्हाला लगेच कळेल, एक बिजागरी ढिली झाली की अख्खं दार फरशीला घासतं, तसं. आता चालताना मी कमरेला पोटाच्या खालून एक रुंद बेल्ट लावते, तिचे हात जे करत होते तेच तो करतो. दिसायला भयंकर आहे, कुर्त्याखाली झाकला जातो. रोजचे व्यायाम दिलेत, ओटीपोटाचे आणि खालचे स्नायू आवळून धरायचे, आणि ती हाताने सांधे मोकळे करून देते त्याने मला खरंच फरक पडलाय, नुसतं समजुतीचं म्हणत नाहीये.

आता आई, तू झोपेचं विचारणार. दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी, घोट्यांपर्यंत पोचेल अशी लांब, आणि पोटाखाली एक चपटी. कूस बदलायची तर आधी पूर्ण जागं व्हायचं, अर्धवट झोपेत वळले की मेलेच. मग गुडघे एकमेकांना चिकटवायचे, श्वास सोडत पोट जरा आत घ्यायचं आणि खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदम वळवायचं, आधी पाय मग कंबर असं नाही. आणि तो सॅटिनचा गाऊन आठवतो का, दादाच्या लग्नाच्या खरेदीत घेतला आणि तू म्हणालीस कशाला हे निसरडं घेतेस, तोच कामाला आलाय, सुती गाऊन चादरीला अडकून बसतो आणि हा सरकतो. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून हाताने रेटा देऊन. पाण्याची बाटली, टॉर्च, मोबाईल सगळं हाताशी असतं. त्यामुळे मी रात्री एकटी तळमळत पडलेय असं चित्र डोळ्यासमोर आणू नकोस. पडते कधी कधी तळमळत, पण मग हे उठून पाठीला शेक देतात.

बाकी माझं एकदम लाडाचं चाललंय. अंघोळ स्टुलावर बसून. कपडे पलंगावर बसून घालायचे, एका पायावर उभं राहणं पूर्ण बंद. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवलंय, बाकी कामं टेबलावर. बादली उचलणं, जड पिशव्या, केर-फरशी काहीही मी करत नाही, सगळं तुमच्या जावयांकडे. (कपडे वाळत घालतात ते बघवत नाही, सगळे पिळलेल्याच अवस्थेत दोरीवर, पण मी तोंड बंद ठेवलंय.) ऑफिसचं काम घरूनच, मधेमधे उठते. गाडीत बसायचं झालं तर सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरते, आधी बूड टेकवायचं आणि मग दोन्ही गुडघे जुळवून गर्रकन आत, पिशवीमुळे घसरता येतं. हसाल तुम्ही. मीही हसते.

मग एवढं सगळं जमतंय तर तिकडे यायला काय झालं, असं आई म्हणेल. म्हणेलच. अगं एवढा लांबचा गाडीचा प्रवास, तासन्‌तास एकाच स्थितीत पाय, आणि प्रत्येक खड्ड्याला समोरच्या हाडात कळ. तिथे पोचल्यावर आपला जिना. लिफ्ट नाही आणि मला सध्या एकेक पायरी घ्यावी लागते, चढताना बऱ्या बाजूचा पाय आधी, उतरताना दुखरा आधी, म्हणजे तपासणीला जाऊन यायचं तरी सगळी चाळणी होणार अंगाची, आणि बाबा मला धरायला येणार आणि त्यांना धरायला तू, नको ते. शिवाय इथली फाईल. डॉक्टरांनी त्यात लिहून ठेवलंय की हिला पीजीपी आहे, आणि फिजिओने मी उताणी पडलेली असताना न दुखता गुडघे किती उघडतात ते टेपने मोजून सेंटिमीटरमध्ये टाकलंय. कारण एपिड्युरल, म्हणजे कळा जाणवू नयेत म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन, दिलं की दुखणं कळत नाही, आणि त्या भरात कोणी पाय जास्त फाकवले तर सांध्याला इजा व्हायची. कुशीवर झोपून किंवा हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन बाळंत व्हायचं असं ठरवलंय. सिझेरियनची गरज यामुळे सहसा पडत नाही, नॉर्मल होऊ शकतं. हे सगळं आठव्या महिन्यात नवीन ठिकाणी पहिल्यापासून समजावत बसायची माझी तयारी नाही. तुमच्या तिथले डॉक्टर चांगले नाहीत असं मी म्हणत नाहीये हं बाबा, त्यांनी तुमच्यासाठी केलंय ते मी कधीच विसरणार नाही.

आई, तू म्हणालीस भरपूर चाल, जिने चढ-उतर कर, उकिडवी बस म्हणजे सोपं जाईल. चालते गं मी, पण थोडं थोडं, दुखायच्या आत थांबून. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं सध्या बंद आहे, पायावर पायसुद्धा टाकत नाही. पूर्ण झोपूनही राहत नाही कारण त्याने स्नायू अजून ढिले पडतात. आणि "सगळ्यांनाच दुखतं, सहन कर" हे तू मायेनेच म्हणालीस हे मला माहितीये. पण मावशीने मला सांगितलंय. माझ्या वेळी शेवटचे दोन महिने तू भिंत धरधरून चालायचीस आणि आजीची चाहूल लागली की हात सोडून सरळ उभी राहायचीस. मला हे इतकी वर्षं माहितीच नव्हतं. तुला कोणी कंबर धरून पाय उचलून बघायला सांगितलं नाही, बेल्ट दिला नाही, साधं नावसुद्धा सांगितलं नाही. तू केलंस ते माझ्याने होणार नाही, आणि होत असतं तरी मी केलं नसतं, हे जरा उद्धट वाटेल पण तसं घेऊ नकोस. बहुतेक जणींचं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत-महिन्यांत बरं होतं, पण थोड्याजणींचं मागे राहतं. तू अजूनही पायजमा घालताना कपाटाला टेकतेस ना? आम्ही सगळे ते गुडघ्यावर ढकलत आलो. इकडे आलीस की माझ्या फिजिओला तूही दाखवायचंस, मी वेळ घेऊन ठेवणार आहे, नाही म्हणायचं नाही.

मला ताप आला की तू पायाशी बसून तळवे चोळायचीस आणि बाबा दारात नुसते उभे राहायचे, आत पण नाही बाहेर पण नाही. परवा रात्री ती आठवण इतकी आली की ह्यांना उठवून दारात उभं केलं मी. बिचारे, काही कळेना त्यांना.

आणि कुठलं दुखणं या सांध्याचं नाही तेही मला पाठ आहे. ठरावीक अंतराने पोट कडक होऊन दुखायला लागलं, रक्त किंवा पाणी गेलं, ताप, लघवीला जळजळ, बाळाची हालचाल कमी, एकच पोटरी सुजून दुखायला लागली, यातलं काहीही झालं तर वाट न बघता हॉस्पिटल. गाडी तयार असते. शेजारच्या ताईंकडे किल्ली आहे.

आता नीट ऐका. नववा महिना लागला की तुम्ही दोघं या आणि निदान दोन महिने राहा. खोली लावलीये, पलंग उंच आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतलाय, बाबांच्या खुर्चीसारखीच हातांची खुर्ची आणलीये. येताना एकच बॅग, चाकांची. बाबा, प्रेशरच्या गोळ्या दोन महिन्यांच्या घेऊन या आणि डबा भरला की मला फोटो पाठवा, दर आठवड्याला, मी विसरणार नाहीये. सकाळी फिरायला जाताना मोबाईल खिशात ठेवा, घरी टेबलावर ठेवून जाऊ नका. इथे आल्यावर मला हात देऊन उठवायचं नाही, ओढलं की मलाच जास्त दुखतं, नुसतं बाजूला उभं राहायचं. ते तुम्हाला जमतं. आई, काकूंना यातलं काही सांगू नकोस, सांगायचंच असेल तर "डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय" एवढंच, खरंच आहे ते.

बाळ झालं की पहिला फोन तुम्हालाच, असं लिहिणार होते पण तुम्ही तर इथेच असाल.

तुमची,
चिऊ

ता. क. आई, बाबांच्या गुडघ्याची ती दुखण्याची गोळी "अर्धी घेऊन बघ" म्हणालीस, ती मी घेणार नाहीये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे या दिवसांत चालत नाहीत, बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं आणि बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आवळू शकते. ते मलमसुद्धा त्याच औषधाचं आहे, तेही नको. फारच झालं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. आणि माळ्यावरचा पाळणा काढायला तुम्ही दोघांपैकी कोणीही शिडीवर चढायचं नाही, दादा रविवारी येतोय, मी त्याला सांगितलंय.