वहीतला १०.६

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू मधेच फोन ठेवलास त्याचा राग नाही. बाबा म्हणाला, जेवलीस आणि खोलीचं दार लावून घेतलंस. मी परत फोन लावणार होते, पण आजीला तेव्हा सलाईन लावत होते, आणि फोनवर माझा आवाज चढतो हे मला माहीत आहे. म्हणून लिहितेय.

"एवढ्याशा आकड्यावरून इतकं काय?" असं विचारलंस. त्यावर मी जे बोलले ते तुझ्या वयाला जरा जास्तच झालं. तेव्हा आज आकड्याचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय. फक्त प्रकल्पाबद्दल लिहिते.

लंबक सोडून दुसरं काहीतरी घेते म्हणालीस. घे. अजून दिवस आहेत. ज्वालामुखी मात्र नको. तो दर विज्ञान प्रदर्शनात असतोच. फेस उसळतो, सगळे वा वा करतात आणि परीक्षकांनी "यात तू काय शोधलंस?" विचारलं की मूल गप्प. त्याच सोडा-व्हिनेगरचा प्रयोगही करता येतो म्हणा. सोडा दर वेळी तेवढाच घ्यायचा, व्हिनेगर वाढवत न्यायचं, बाटलीच्या तोंडाला फुगा बसवायचा आणि त्याचा घेर दोऱ्याने मोजायचा. एका टप्प्यानंतर व्हिनेगर कितीही ओतलं तरी फुगा फारसा वाढत नाही, कारण सोडा संपलेला असतो. बदलायची एकच गोष्ट, मोजायची एकच, बाकी सगळं होतं तसंच. तुमच्या बाईंनी हेच सांगितलं असणार.

लिंबाची बॅटरी घेतलीस तर जस्ताची आणि तांब्याची पट्टी खोचून एका लिंबाला ०.९ व्होल्टच्या आसपास मिळतात. एलईडीला दोनच्या आसपास लागतात, म्हणून तीन-चार लिंबं एकापुढे एक जोडायची. पोस्टरवर "लिंबातली वीज" असं लिहू नकोस. ऊर्जा येते ती जस्त विरघळतं त्यातून, लिंबाचा रस फक्त वाट करून देतो. पण हेही सांगून ठेवते, मीटर एकदा ०.८७ दाखवील, एकदा ०.९२. तेव्हा काय करशील?

बी रुजवायचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. प्रत्येक भांड्यात एकच बी नको, निदान दहा हवीत, नाहीतर एक किडकं निघालं की सगळा निष्कर्ष त्याच्यावर. काही भांडी उजेडात, काही कपाटात ठेवायची. आठवड्याभराने बघशील तर अंधारातली रोपं जास्त उंच असतील. पिवळट, लुकडी, पण उंच. उजेड शोधत ती नुसती लांबत जातात. रोपाला उजेड लागतो हे तुला पाठ आहे, म्हणून तुला वाटेल आपलंच काहीतरी चुकलं, आणि मग तू

झालं, आलेच मी त्यावर. आता लिहूनच टाकते.

बाबाने तुझ्या प्रयोगवहीचे फोटो पाठवले ते कौतुकानेच. दोन खुर्च्यांवर आडवी पट्टी, तिला दोरा, दोऱ्याला नट. नट कुठून काढलेस, अप्पांच्या डब्यातले ना? त्या डब्याला ते कुणाला हात लावू देत नसत, मलासुद्धा नाही. तुला मात्र मांडीवर घेऊन एकेक नट मोजायला द्यायचे. तू सातच्या पुढे थेट अकरा म्हणायचीस आणि ते दुरुस्त करायचे नाहीत. असो. दोऱ्याची लांबी २५ सेंमी घेतलीस, म्हणजे एका दोलनाला जवळजवळ बरोबर एक सेकंद. दहा दोलनांचा वेळ घेऊन दहाने भागलंस, कारण एकाच दोलनाला बटण दाबेपर्यंत बोटच उशीर करतं. आणि मोजायला सुरुवात "शून्य" म्हणून केलीस. "एक" म्हणत गोळा सोडणारी आणि नऊच दोलनं मोजणारी मोठी माणसं मी पाहिलीत. हे सगळं तुझं तुला सुचलं. आजीला मी तो फोटो तीनदा दाखवला. तिला चष्म्याशिवाय काही दिसलं नाही, पण शेजारच्या खाटेवरच्या बाईंना तिने सांगून टाकलं की नातीने घड्याळ बनवलंय.

आणि मग तो तक्ता, दहा दोलनांना किती सेकंद लागले त्याचा. एक नट १०.०, तीन नट १०.०, पाच नट १०.०. व्हाइटनर नीट बसलेलं नाही, मनू. फोटो मोठा केला की खालचे १०.३ आणि १०.६ दिसतात.

पुस्तकात लिहिलंय की लंबकाच्या वजनाने दोलनकाल बदलत नाही, म्हणून तू ते "नीट केलेस". तुझाच शब्द. आमच्या लॅबमध्ये रोज सकाळी मशीनमध्ये पहिली नळी जाते ती कंट्रोलची. त्यात साखर किती हे आधीच माहीत असतं. मशीनने तो आकडा ठरलेल्या मर्यादेत दाखवला नाही तर कारण सापडेपर्यंत एकही रिपोर्ट बाहेर जात नाही, बाहेर कितीही गर्दी असो. तो आकडा पेनने नीट करायला क्षणभरही लागणार नाही. पण त्यानंतर दिवसभर जे रिपोर्ट जातील त्यांवर कुणाची औषधं ठरणार आहेत. आता इथे आजीच्या उशाशी बसून दर सकाळी तिच्या रक्ताचा कागद येतो तेव्हा माझ्या मनात हेच येतं, की तिथे कुणीतरी आकडा आला तसाच लिहिला असेल ना?

पाहिलंस, लागले भाषण द्यायला. तू सातवीत आहेस, तुझ्या नटांवर कुणाचा जीव अडकलेला नाही. माफ कर. धाकट्या मामाचं तुला अर्धवट माहीत आहे, त्याच्याबद्दल मी इथे लिहीत नाही. पण मला भीती वाटते ती तिथून येते, तुझ्यामुळे नाही.

तुला एक गोष्ट सांगते, लंबकाचीच आहे. १६७२ मध्ये ज्याँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला. पॅरिसमध्ये अचूक चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. वेळ जुळवायला त्याला लंबक थोडासा आखूड करावा लागला. फरक जेमतेम तीनेक मिलिमीटरचा. काहींना वाटलं, त्याचं मोजमाप चुकलं असेल. रिशेने मात्र आलं तसं लिहून ठेवलं. पुढे १६८७ मध्ये न्यूटनने आपल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात त्या नोंदीचा आधार घेतला: पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे, तिथे गुरुत्वाकर्षण जरा कमी, म्हणून लंबक सावकाश. तीन मिलिमीटर, मनू. तुझा फरक तर सहा टक्क्यांचा आहे!

पुस्तक खरंच सांगतंय आणि तुझं स्टॉपवॉचही खरंच सांगतंय. हे दोन्ही एकाच वेळी कसं, एवढंच शोधायचं राहिलंय. उत्तर मी सांगणार नव्हते. पण तू तोवर प्रकल्पच बदलून मोकळी होशील, म्हणून फक्त विचारते: पाच नट टांगलेस ते कसे? फोटोत एकाखाली एक, साखळीसारखे दिसतायत. लंबकाची लांबी गाठीपासून वजनाच्या मध्यापर्यंत मोजायची असते. पहिल्या नटापर्यंत २५ आहे. पाचांचा मध्य म्हणजे तिसरा नट, तो कुठे येतो ते पट्टी लावून बघ. मग पाचही नट एकत्र एका जुडीत बांध, जुडीचा मध्य २५ वर आण आणि पुन्हा मोज. झोका लहानच ठेव, फार बाजूला नेऊन सोडलंस तर वेळ थोडा वाढतो.

नवीन तक्ता जुन्याच्या शेजारी लाव. जुना फाडू नकोस, आणि व्हाइटनर नखाने खरवडू नकोस, कागद फाटेल. त्या ओळीवर एक रेघ मार आणि बाजूला खरे आकडे लिही. परीक्षकांनी विचारलं तर सांग. नाही विचारलं तरी सांग. बक्षीस मिळालं नाही तर बाबा तुला समजावीलच, त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं जमतं. आणि जुडी बांधूनही १०.६ च आले तर तेसुद्धा लिही, मग आपण दोघी बसून बघू. पण लिही.

आजीचा ताप उतरलाय. टाके काढायचे आहेत, मग मी निघेन. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पोचायचा प्रयत्न आहे, शब्द देत नाही.

तुझी,
आई

ता. क. जुडी रबरबँडने बांधू नकोस, झोका घेताना नट सरकतात. दोऱ्याने घट्ट आवळ, गाठ बाबाकडून मारून घे. बाकी कशाला त्याला हात लावू देऊ नकोस, तो लगेच लाकडी स्टँड करायला बसेल.